जाड कापडाचा खिसा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार ज्यांचे आहेत त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. आईवडिलांना मी मागे ठेवतो आहे असं नाही. त्यांनी जेवू घातलं, शाळेत घातलं. पण ज्या हातांवर मी आज पोट भरतो ते हात उस्तादांनी घडवले. माझे वडीलच हे चारचौघांत सांगत आले, त्यामुळे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

बीडमध्ये उस्तादांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आहे म्हणतो, कारण शटर अजून वर जातं. विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटारी जळल्या की आतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी भरायची, हे तिथलं काम. दुकानात शिरलं की वार्निशचा वास नाकात बसतो तो घरी जेवताना सुद्धा जात नाही. समोर मोसंबीचा गाडा, बाजूला रेडिएटरवाला, वर पत्रा.

माझं गाव नारायणगडाच्या पायथ्याला. वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करायची होती. मार्क चांगले असलेली मुलं पुण्याच्या, संभाजीनगरच्या कंपन्यांत गेली. मी मधल्या फळीतला. आमच्या सरांनी उस्तादांच्या मागे लागून त्यांच्या दुकानाची नोंदणी करून घेतलेली होती, त्यांनी मला तिकडे पाठवलं. पहिल्या दिवशी वडील सोबत आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन ते म्हणाले, पोरगं तुमच्या पदरात टाकलं.

उस्ताद स्टुलावर बसून कागद कापत होते. अंगात बनियन, नाकावर चष्मा. त्यांनी मान वर केली.

"पदर कुठं हाय माझ्याकडं? बनियन हाय, तीबी फाटकी. बसव त्याला तिथं."

मग मला विचारलं, गाव कोणतं. मी सांगितलं, गडाच्या पायथ्याला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'गड' झालो. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते गावाच्या नावानेच हाक मारायचे. म्हणायचे, नाव विसरलं तरी चालतं, पोरगं कुठून आलंय ते विसरायचं नसतं. उद्या काही झालं तर कुठं कळवायचं ते माहीत पाहिजे. हे ते हसत सांगायचे.

माझ्या आधी तिथे एक मुलगा होता. तो धर्मापुरीचा, म्हणून 'धर्मापुरी'. माझ्याच वयाचा, सडपातळ, कपाळावर भस्माची पुसट रेघ. वडिलांचं गावात किराणा दुकान. त्याच्यासारखा हात मी अजून कुणाचा पाहिला नाही. तार भरताना मी मनात आकडे मोजायचो, ओठ हलायचे. तो गप्पा मारत भरायचा आणि एक फेरा चुकायचा नाही. केबलला जोड दिला की टेप गुंडाळून माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, डोळे मिटून सांग, जोड कुठं हाय. मला सापडायचा नाही.

"आमच्या देवळाचे दगड बघ एकदा येऊन," तो म्हणायचा. "जोड दिसला तर मला सांग. तुमच्या गडावर नुसती जत्रा असती, गर्दी."

"गर्दीला जेवण मिळतं आमच्याकडं," मी म्हणायचो.

"म्हणून तर तू असा फुगलाय."

उस्ताद ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि थोड्या वेळाने म्हणायचे, "देव झाले असतील बोलून, तर तार भरा बे."

आता खिशाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या खिशापाशी येतं.

शेतात मोटार दुरुस्तीला गेलं की आधी पेटी उघडायची. पेटीत फ्यूज असतात, चिनी मातीच्या तीन पांढऱ्या ग्रिपा. त्या ओढून काढल्या की मोटारीकडे जाणारा करंट तुटतो. उस्तादांचा नियम असा की ग्रिपा काढून बाजूला ठेवायच्या नाहीत, कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत, पेटीवर ठेवायच्या नाहीत. स्वतःच्या खिशात घालायच्या. काम होईपर्यंत त्या खिशातून निघायच्या नाहीत. कारण आपल्याकडे लाईट कधी येईल सांगता येत नाही, आणि बहुतेक शेतकऱ्यांनी ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. तुम्ही विहिरीवर ओणवे असाल, आणि पेटीजवळचा कुणी भला माणूस ग्रिपा परत बसवून मोकळा होईल.

ग्रिपा जड असतात, त्यांच्या कडांनी खिसा फाटतो. म्हणून उस्तादांच्या बायको, आमच्या चाची, प्रत्येक नव्या मुलाच्या पँटीला एक जादा खिसा शिवून द्यायच्या. जुन्या ताडपत्रीवजा जाड कापडाचा, खोल, दुहेरी शिवणीचा. खिसा शिवला गेला की मुलगा दुकानाचा झाला. त्याआधी उस्ताद त्याला शेतावर पाठवत नसत. कामावर निघताना ते मांडीवर थाप मारून बघायचे आणि विचारायचे, "खिसा?" आपण म्हणायचं, "रिकामा." परत आल्यावर पुन्हा विचारायचे, "खिसा?" तेव्हा म्हणायचं, "भरला, रिकामा केला." एवढंच. चाची गंमत करायच्या, तुमच्या उस्तादांनी निकाह कबूल करताना सुद्धा खिसा चाचपला होता.

दुसऱ्या वर्षी सर एक बातमी घेऊन आले. जिल्ह्यातल्या चांगल्या शिकाऊ उमेदवारांचा आणि त्यांना शिकवणाऱ्या मालकांचा सत्कार होणार होता, आणि त्यात आमचं दुकान निवडलं गेलं होतं. उमेदवार म्हणून धर्मापुरी, मालक म्हणून उस्ताद. उस्तादांना आधी ते पटेना. मालक म्हणजे त्यांच्या लेखी जिनिंगवाले, तेलमिलवाले.

"मालक कोण? मी? माझ्या स्टुलाला तीन पाय हायेत," ते म्हणाले.

पण आठवडाभरात त्यांनी दाढीला मेंदी लावून घेतली. नवा कुर्ता शिवायला टाकला. मोसंबीवाल्याला सांगून झालं, रेडिएटरवाल्याला सांगून झालं. धर्मापुरी मात्र एकदाच मला म्हणाला की वडिलांना दुकान बंद करून यायला लावणार, त्यांनी माझ्यासाठी कधी दुकान बंद केलेलं नाही.

सत्काराला थोडे दिवस राहिले असताना, एका दुपारी उस्तादांनी त्याला जवळच्या एका गावात पाठवलं. विहिरीतली मोटार बंद पडली होती आणि जोड जळाला असावा असा निरोप होता. साधं काम. मी दुकानात वार्निशला बसलो होतो. उस्तादांनी थाप मारली, विचारलं, तो रिकामा म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

फोन आला तेव्हा उस्तादांनी तो कानाला लावला आणि ऐकत राहिले. मग माझ्याकडे दिला. त्यांना पलीकडचं बोलणं कळत होतं, पण ते कुणीतरी दुसऱ्याने पण ऐकावं असं त्यांना वाटलं असावं.

दवाखान्यात त्याच्या वस्तू एका टेबलावर काढून ठेवल्या होत्या. मोबाईल, टेस्टर, रुमाल आणि तीन ग्रिपा. उस्ताद त्या ग्रिपांकडे बघत उभे राहिले. आपण काहीतरी चुकीचं बघतो आहोत असा त्यांचा चेहरा होता. ते हळू आवाजात म्हणाले, "काढल्या होत्या की रे त्यानं."

दुसऱ्या दिवशी आम्ही धर्मापुरीला गेलो. त्याच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली. आमच्याकडे अग्नी देतात. मला तिथे हात कसे ठेवावेत, कधी पुढे व्हावं, काही कळेना. उस्तादांना कळत होतं. त्यांनी वाकून मूठभर माती घेतली, हलक्या हाताने सोडली आणि मलाही खूण केली. त्याचे वडील एका बाजूला उभे होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी हात जोडले.

मग काही दिवसांनी उस्ताद मला म्हणाले, त्या विहिरीवर चल. दोन भावांची ती सामायिक विहीर. दोघांच्या दोन मोटारी, शेडात शेजारी शेजारी दोन पेट्या. थोरल्याची मोटार बिघडलेली, त्यानेच आपली पेटी धर्मापुरीला दाखवली होती. तो आम्हाला परत परत तेच सांगत होता की पोरानं माझ्यासमोर ग्रिपा काढल्या, खिशात टाकल्या, लाईटही नव्हती. मग लाईट आली. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तो रडत होता.

उस्तादांनी आधी डीपीवरून, ट्रान्सफॉर्मरपासूनच, लाईन बंद करवली. मग ते विहिरीच्या काठावर गेले, जिथे तो उघडा जोड अजून तसाच पडला होता. त्यांनी केबल हातात घेतली आणि ती धरून चालायला लागले. गवतातून, एका दगडाखालून, बांधाच्या कडेने. केबल हातातून सुटू दिली नाही. जिथे मातीत गेली तिथे बोटांनी माती उकरली. आम्ही मागे मागे. शेडात आल्यावर केबल थोरल्याच्या पेटीखालून पुढे गेली आणि धाकट्याच्या पेटीत वर चढली.

मग धाकटा भाऊ मटकन खाली बसला. पावसाळ्यात थोरल्याच्या स्टार्टरमध्ये पाणी शिरलं होतं. पीक वाळू नये म्हणून त्याने भावाची केबल तात्पुरती आपल्या पेटीला जोडून दिली होती. ऑटो असल्यामुळे पेटीला हात लावायची वेळ कुणावर आली नाही. मोटार चालत राहिली आणि दोघेही विसरून गेले. धर्मापुरीने ज्या पेटीच्या ग्रिपा काढल्या ती पेटी कित्येक महिने नुसती भिंतीवर होती.

परत येताना उस्ताद मोटारसायकलवर मागे बसले होते. अर्ध्या रस्त्यात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "त्यानं माझं ऐकलं, गड. ऐकलं नसतं तर मला काहीतरी म्हणता आलं असतं."

मी गाडी स्टँडला लावली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

इकडे बीडात वेगळंच बोललं जात होतं. पोरगं घाईचं होतं, फ्यूज न काढताच हात घातला. हल्लीच्या पोरांचं लक्ष मोबाईलमध्ये. चहाच्या टपरीवर मी दोनदा भांडलो. लोक ऐकून घ्यायचे आणि मी गेल्यावर परत तेच बोलायचे. हे बोलणं गावात त्याच्या वडिलांपर्यंत गेलं असणार हे आम्हाला माहीत होतं.

त्यातच सर आले. सत्काराची तारीख पुढे गेली होती, यादीत त्याच्या जागी आता माझं नाव टाकलं होतं. मालक म्हणून उस्तादांचं नाव तसंच होतं. सर चांगले होते, अवघडल्यासारखे बसले होते. उस्तादांनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की मुलगा येईल, मी येणार नाही.

"तुमच्याशिवाय कसं होईल, चाचा?"

"कशाचा हार घालता सर मला? एक पोरगं दिलतं तुमी, ते मी परत दिलं का?"

सर उठून गेले. नवा कुर्ता चाचींनी कपाटात ठेवून दिला. उस्तादांनी दुकान उघडणं बंद केलं नाही, पण ते मोटारीला हात लावेनात. कागद कापायचे. इन्सुलेशनचा कागद कापून कापून ढीग लावायचे. मी दोनचार मोटारी एकट्याने भरल्या.

मग एका सकाळी ते म्हणाले, धर्मापुरीला जायचं, त्याच्या बापाला सांगायचं. काय सांगायचं ते त्यांनी मला सांगितलं नाही. आम्ही एसटीने परळीला उतरून पुढे गेलो. दुकान उघडं होतं. वडील तागडीशेजारी बसले होते, कपाळावर तशीच भस्माची रेघ, पण ठसठशीत. त्यांनी गिऱ्हाइकाला साखर दिली, मग आम्हाला आत बसवलं. चहा आला.

उस्तादांनी विहिरीवरचं सगळं सांगितलं. दोन पेट्या, एक केबल, पावसाळा. सांगताना ते हाताने हवेत केबल धरून दाखवत होते. वडिलांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"म्हणजे त्याची चूक न्हाई झाली?"

"न्हाई."

"लोक म्हणतेत झाली."

"लोकांना काय माहीत? त्याला जे शिकवलं ते त्यानं केलं. मी ग्रिपा काढायला शिकवलं. कोणत्या पेटीच्या, ते शिकवलं न्हाई. माझ्या उस्तादांनी मला शिकवलं न्हाई, मी त्याला शिकवलं न्हाई. चूक माझी हाय."

वडील आत गेले आणि दवाखान्यात दिलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिन्ही ग्रिपा त्यांनी उस्तादांच्या पुढे ठेवल्या. म्हणाले, तुमच्या कामाची वस्तू असंल. उस्तादांनी हात लावला नाही.

"तुमी सत्काराला जाणार न्हाई म्हणं," वडील म्हणाले. सरांनी त्यांनाही कळवलेलं होतं.

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"जा." ते शांतपणे बोलत होते, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसे. "तुमी गेला न्हाईत तर सगळे म्हणतील, पोरानं चूक केली म्हणून उस्ताद आला न्हाई. माझं पोरगं गेलं. त्याचं काम तरी खराब होतं म्हणू नका कुणी. तुमी जा आन सांगा."

उस्तादांनी त्या ग्रिपा उचलल्या आणि कुर्त्याच्या खिशात घातल्या.

सत्कार बीडातल्याच एका सभागृहात झाला. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे मोठा फलक, माईक मधूनमधून शिटी मारायचा. धर्मापुरीचे वडील आले. दुकान बंद करून आले. पुढच्या रांगेत माझ्या वडिलांच्या शेजारी बसले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि मग दोघेही सरळ समोर बघत राहिले. एकामागून एक नावं घेतली जात होती. शाल, नारळ, फोटो. मला शाल मिळाली. ती खांद्यावर पडली तेव्हा मी मनातल्या मनात एवढंच म्हणालो की ही माझी नाही. तरी ती मी घेतली, कारण उस्तादांनी घ्यायला सांगितलं होतं.

मग उस्ताद वर गेले. नव्या कुर्त्याची घडी अजून मोडलेली नव्हती. शाल घातल्यावर ते खाली न उतरता माईकपाशी गेले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना वाटलं ते आभार मानणार, त्या बाजूला झाल्या.

"मला बोलता येत न्हाई," उस्ताद म्हणाले. "माझ्याकडं एक पोरगं होतं. ते आज इथं पाहिजे होतं. त्यानं काई चूक केली न्हाई. ग्रिपा त्याच्या खिशात होत्या. ह्या." त्यांनी हात वर केला. "पेटी दुसरी होती. ते बघायला मी शिकवलं न्हाई. तुमी लोक पोरं शिकवता. ग्रिपा काढायच्या आधी केबल धरून चालायला शिकवा. मोटारीपासून पेटीपर्यंत. हात सोडू देऊ नका."

मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि थांबलं. उस्ताद पायऱ्या उतरले ते सरळ धर्मापुरीच्या वडिलांपाशी गेले आणि आपल्या खांद्यावरची शाल त्यांच्या खांद्यावर घातली. वडिलांनी ती काढली नाही. डोळ्यांना लावली नाही, काही नाही. फक्त दोन्ही टोकं छातीपाशी ओढून घेतली, थंडी वाजावी तशी.

बाहेर आल्यावर मी माझी शाल उस्तादांना द्यायला गेलो. त्यांनी ती माझ्याच गळ्यात परत टाकली. "तुझी तू ठेव. दोन नंबरचा माल खराब नसतो बे." त्या दिवसांत ते पहिल्यांदा असं काही बोलले. माझे वडील हसले आणि मग तोंड फिरवून उभे राहिले.

त्यानंतर उस्तादांनी एकही मुलगा घेतला नाही. सर दर वर्षी यायचे. उस्ताद म्हणायचे जागा नाही. दुकानात मी एकटाच होतो आणि अर्धं दुकान रिकामं होतं. माझी मुदत संपल्यावर मला त्यांनी मजुरीवर ठेवलं आणि एक अट घातली की कॉलेजचा फॉर्म भरायचा. मी बाहेरून बी.ए. केलं. काम नसेल तेव्हा ते मला मागच्या बाजूला पुस्तक घेऊन बसवायचे आणि गिऱ्हाईक आलं तर सांगायचे, थांबा, साहेब अभ्यास करतेत. परीक्षेच्या दिवसांत मला दुकानात पाय ठेवू देत नसत. पास झालो तेव्हा वडील पेढे घेऊन आधी देवाला गेले नाहीत, दुकानात गेले. आमच्या सात पिढ्यांत पदवी नव्हती, असं ते उस्तादांना सांगत होते, आणि उस्ताद म्हणत होते, मग आता उशीर कावून केला, आधी सांगायचं होतं. चाचींनी सगळ्यांना शिरखुर्मा दिला. ईद नव्हती.

आता मी दुसऱ्या जिल्ह्यात आयटीआयमध्ये निदेशक आहे. वायरमनचा वर्ग शिकवतो. दर वर्षी पहिल्या महिन्यात मी मुलांना मैदानावर नेतो, एका टोकाला मोटार, दुसऱ्या टोकाला पेट्या, मध्ये गुंतवलेल्या केबली. प्रत्येकाने आपली केबल हातात धरून चालत जायचं. मुलांना हा खेळ वाटतो. मी त्यांना खेळू देतो.

गेल्या दिवाळीत बीडला गेलो होतो. उस्तादांचा उजवा हात आता थरथरतो. बारीक तार त्यांच्याच्याने भरली जात नाही. दुकान उघडून ते बसतात आणि कागद कापतात. चाची म्हणाल्या, कुणाच्या मोटारीचा कागद आहे विचारलं तर चिडतात. तीन ग्रिपा स्टुलासमोरच्या फळीवर आहेत, धूळ नाही त्यांच्यावर. निघताना मी म्हणालो, चाचा, एखादा मुलगा घ्या आता, हाताखाली कुणीतरी पाहिजे. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. नंतर फोनवर दोनतीनदा विषय काढला. दर वेळी ते म्हणतात, आवाज कटतोय. दुसरं काही बोललं की आवाज स्वच्छ येतो.

म्हणून मी पत्र लिहिलं. उस्ताद मराठी सावकाश वाचतात, पण वाचतात. कागद हातात असला की आवाज कटला असं म्हणता येत नाही. त्याची प्रत मी ठेवली आहे. ती अशी.

'उस्तादांना सलाम. चाचींना सलाम.

मी बरा आहे. आईचे गुडघे दुखतात, बाकी ठीक. वडील तुमची चौकशी करतात. मोंढ्यातलं काम त्यांनी सोडलं, पण सकाळी उठून तिकडेच जाऊन बसतात.

फोनवर तुम्ही ऐकत नाही म्हणून लिहितो आहे. रागावू नका. रागावलात तरी पत्र पूर्ण वाचा.

या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी आहे. बीडचीच, बाप गॅरेजवर मेकॅनिक आहे. मामाकडे राहून इथे शिकते. पहिल्या महिन्यात मी फळ्यावर तुमचा नियम लिहिला, ग्रिपा काढून स्वतःच्या खिशात. पुढचं लिहायला वळलो तर ही मागून म्हणाली, सर, पण कोणत्या पेटीच्या? मी खडू खाली ठेवला. वर्गाला वाटलं मी रागावलो. उस्ताद, मी तुमच्याकडे एवढे दिवस होतो, धर्मापुरी माझ्याआधीपासून होता, तुम्ही तुमच्या उस्तादांकडे होतात. आपल्यापैकी कुणी हे विचारलं नाही. तिने न सांगता विचारलं.

तिला शिकाऊ उमेदवारीला बीडातच राहायचं आहे. कंपनीत पाठवता येईल, पण मला तिला तुमच्याकडे पाठवायचं आहे. तिचा हात धर्मापुरीसारखा नाही. तसा कुणाचा नसतो. माझ्यापेक्षा बरा आहे.

तुमचा हात थरथरतो हे मला माहीत आहे. तार ती भरेल. तुम्ही फक्त बघायचं आणि शेतावर पाठवताना विचारायचं. तुम्हाला भीती वाटते तेही मला माहीत आहे. मला दर वर्षी वाटते. परीक्षा होऊन मुलं बाहेर पडतात तेव्हा मी घरी येऊन जेवत नाही, बायको विचारते काय झालं, मी सांगत नाही. तरी पुढच्या वर्षी परत शिकवतो. हे तुम्हीच शिकवलंत असं मी म्हणत नाही, तुम्ही तर सोडून दिलंत. पण त्या सभागृहात तुम्ही लोकांना सांगितलं होतं की तुम्ही शिकवा. मी तेव्हा समोर बसून ऐकत होतो. मी ते माझ्यासाठी आहे असं धरून चाललो. आता तेच तुम्हाला सांगतो.

धर्मापुरीला मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. काका थकले आहेत, दुकान त्यांचा धाकटा मुलगा बघतो. मी त्यांना या मुलीचं सांगितलं. ते म्हणाले, उस्तादांना सांग, पोरीला केबल धरून चालायला लावा. एवढंच म्हणाले. ती शाल त्यांच्या अंगावर होती.

नको म्हणायचं असेल तर पत्रानेच म्हणा. फोनवर आवाज कटतो.

होय म्हणणार असाल तर उत्तर लिहू नका. ती सोमवारी तिच्या वडिलांबरोबर दुकानात येईल. तिचे वडील काय बोलतील ते बोलतील, तुम्ही तुमचं बनियनचं सांगा. तिला गावाच्या नावाने हाक मारता येणार नाही, ती बीडचीच आहे. दुसरं काही शोधा.

चाचींना सांगा, ती पँट घालत नाही, ॲप्रन घालते. खिसा त्याला शिवावा लागेल. कापड तेच जाड घ्या.

तुमचा,
गड'